नमपॅडचं पण सांगा की
विंडोजमध्ये ऑल्ट की धरून आकडे दाबले की °, ± अशी चिन्हं येतात, त्या ऑल्ट कोडची तुम्ही दिलेली यादी मस्त आहे, पण मेन गोष्ट राहिली. वरच्या ओळीतले आकडे दाबून काही होत नाही, नमपॅडच (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट) लागतं, तेही नमलॉक (ते आकडे चालू करणारी की) चालू हवं. मी नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर ऑल्ट धरून ०१७६ बडवत बसलो, डिग्रीचं चिन्ह काही येईना, शेवटी वैतागून छोटा ओ सुपरस्क्रिप्ट केला, म्हणजे ओळीच्या वर चढवला, आणि नंतर फाइंडमध्ये ° शोधलं तर एकही सापडेना, सापडणार कसं म्हणा, ओच होता तो! आता विंडोज की आणि फुलस्टॉप एकत्र दाबतो, इमोजीच्याच खिडकीत चिन्हांचा टॅब असतो. ± वगैरे रोजची चिन्हं वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये (टाइप केलेलं आपोआप बदलून देणारी सोय) टाकून ठेवलीत, कोड पाठ कोण करतंय.