आश्चर्यचकित होण्याचे काम

वाढदिवसाला मित्र जे सरप्राइज देतात, त्यात सर्वांत जास्त मेहनत ज्याचा वाढदिवस असतो त्यालाच करावी लागते. मित्रांना फक्त कट रचायचा असतो. दार उघडल्यावर डोळे किती मोठे करायचे, हात तोंडावर न्यायचा की छातीवर, ‘अरे, तुम्ही!’ हे कोणत्या पट्टीत म्हणायचे आणि सगळा बेत आधीच कानावर आलेला असला तरी तो आला नव्हता असा चेहरा किती वेळ टिकवायचा, ही सारी कामे उत्सवमूर्तीच्या गळ्यात पडतात. नागपुरात मला हे जमत असे, कारण तिथे कार्यक्रम ठरलेला होता: रात्री बाराला कोणाची तरी गच्ची, खाण्यापेक्षा फासण्यासाठी आणलेला केक, पाठीच्या खालच्या भागावर लाथांचा आहेर आणि सकाळी टपरीवर तर्री-पोहे. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात नोकरीला गेल्यावर मात्र मला एकाच वाढदिवसाला दोन देशांच्या वतीने आश्चर्यचकित व्हावे लागले, आणि तो वाढदिवस नेमका तिसावा होता.

पहिला मान अर्थातच आईचा. आमच्या घरी तारखेचा वाढदिवस कागदपत्रांपुरता आणि तिथीचा खरा मानतात. तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते, त्यामुळे आपला खरा वाढदिवस कधी आहे हे कळायला मला आईच्या फोनची वाट पाहावी लागते. त्या वर्षी वैशाखातली माझी तिथी तारखेच्या आठवडाभर आधी आली. प्रतापनगरातल्या घरी पाटाभोवती रांगोळी काढून, पाटावर पोह्यांचा डबा ठेवून, त्याला मोबाईल टेकवून माझे औक्षण झाले. निरांजन विझू नये म्हणून पंखा आणि कूलर दोन्ही बंद होते, बाहेर मे महिन्यातल्या नागपूरचे ४५ अंश होते, आणि अंगठी-सुपारी ओवाळून आई निरांजनाकडे वळली तोच तिकडच्या पडद्यावरचा मी गोठलो. गोठलेल्या मुलाला ओवाळले तर ते पोचते की नाही, यावर आई आणि मावशी यांच्यात चर्चा सुरू झाली. “आधी कूलर लावा, शास्त्र मागून पाहू,” हे बाबांचे मत मला स्वच्छ ऐकू येत होते, कारण चित्र थांबले असले तरी आवाज चालू होता. त्याच आवाजातून मावशीचा खालच्या सुरात उच्चारलेला, “तिसावं पूर्ण होऊन राहिलं नं याचं?” हा प्रश्नही आला आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

दुसरे सरप्राइज टपालाने आले. परदेशी जाणाऱ्या पार्सलवर आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे एका फॉर्मवर लिहावे लागते. धरमपेठेतल्या माझ्या मित्राने त्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘सरप्राइज’ असे लिहिले. युरोपीय संघाबाहेरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. पण सरप्राइजचे मूल्य कसे ठरवावे हे नियमांत नसल्यामुळे मला कस्टमच्या कार्यालयात येऊन पार्सल समक्ष उघडावे, असे पत्र आले.

“यात काय आहे?” समोरच्या अधिकाऱ्याने विचारले.

“मला माहीत नाही.”

“पार्सल आपलेच आहे ना?”

“होय. परंतु आत काय आहे हे मला कळू नये, अशी पाठवणाऱ्यांची इच्छा आहे.”

त्याने हे उत्तर शांतपणे ऐकून घेतले आणि मला कात्री दिली. आतून प्रथम सावजी मसाल्याची पुडी निघाली. ती त्याने कर्तव्यबुद्धीने नाकाजवळ नेली, आणि त्यानंतरचा काही वेळ आमच्या संभाषणात खंड पडला. पाठोपाठ संत्रा बर्फी निघाली. खवा म्हणजे दूध, आणि संघाबाहेरून दुधाचे पदार्थ असे टपालाने आणता येत नाहीत. म्हणून ती त्याने हातमोजे घालून बाजूला काढली. माझ्या डोळ्यांदेखत संत्रा बर्फी गेली, याचे दुःख नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाही, इतरांनी ते गृहीत धरावे. शेवटी तळाशी एक जाडजूड घडी होती. ती त्याने टेबलावर उलगडायला घेतली, टेबल संपले तरी ती संपेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने दुसरे टोक धरले आणि दोघांच्या मध्ये आठ फूट लांबीचा एक फ्लेक्स उभा राहिला.

फ्लेक्सच्या मध्यभागी काळा चष्मा लावून हात जोडलेला मी होतो. चेहरा माझा होता. खालचा पांढरा खादीचा कुर्ता आणि त्यातले भरीव पोट यांच्याशी माझा संबंध नव्हता. वर ‘ब्रेमेनची शान, नागपूरचा अभिमान’, खाली ‘आमचे मार्गदर्शक भाऊ यांना वाढदिवसाच्या लक्ष लक्ष शुभेच्छा’, आणि तळाला ‘शुभेच्छुक’ या शब्दापुढे माझे सगळे मित्र छातीवर हात बांधून रांगेने उभे होते. अधिकाऱ्याने फ्लेक्सकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत आदराने विचारले, “आपण निवडणुकीला उभे आहात का?” आमच्याकडे असा फ्लेक्स चौकात लागण्यासाठी निवडणुकीची गरज नसते, वाढदिवस पुरतो, हे मी त्याला माझ्या तुटक्या जर्मन भाषेत सांगितले. त्याने माझ्या पासपोर्टवरची जन्मतारीख पाहिली, गालातल्या गालात हसला आणि शुभेच्छा मात्र दिल्या नाहीत. यात त्याचा रुक्षपणा नव्हता. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिल्या तर अरिष्ट ओढवते असे जर्मन लोक मानतात, आणि एरवी कशावरही विश्वास न ठेवणारी माणसेही हा नियम पाळतात.

आता हा नियम एकीकडे आणि नागपूरचे मित्र दुसरीकडे. उन्हाळ्यात ब्रेमेनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे नागपुरात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेआठ झालेले असतात आणि मे महिन्यात बाहेर चक्क उजेड असतो. शुक्रवारी त्याच वेळी मी आणि माझा जर्मन घरसोबती जेवायला बसलो होतो. फोन वाजला, आणि इतवारीतल्या एका गच्चीवरून पंधरावीस गळ्यांनी एकदम शुभेच्छांचे गाणे सुरू केले. घरसोबत्याच्या हातातला काटा तिथेच थांबला. “थांबव त्यांना,” तो म्हणाला, “अजून साडेतीन तास आहेत!” मी मित्रांना तसे सांगितले. “भाऊ, आमच्याकडे बारा वाजले नं, तुमच्या घड्याळाचं आम्हाला काय सांगून राहिला?” असा बिनतोड सवाल आला आणि गाणे पुढे चालू राहिले. तिथे माझ्या नावाचा केक कापला गेला. लाथांचा आहेर टाळण्यासाठी मी परदेशात राहतो असा एक आरोप होता, त्यामुळे या वेळी नागपूरच्या महाल भागातल्या मित्राला माझ्या वतीने प्रॉक्सी म्हणून उभे केले होते. कॉलेजात त्याच्या वतीने हजेरीला मी कितीतरी वेळा ‘येस सर’ म्हटले होते, त्याची फेड त्याने तिसाच्या तीस लाथा खाऊन केली आणि प्रत्येक लाथेला माझ्या नावाने ओरडला. हे सर्व होत असताना मला सतत भारावून गेलेले दिसणे भाग होते, आणि समोर बसलेला घरसोबती माझ्यावर येऊ घातलेल्या संकटाच्या काळजीने जेवण सोडून बसला होता. खालच्या मजल्यावरच्या काकांनी नागपुरात आवाज चढवला तेव्हा कुठे कार्यक्रम आटोपला.

संकट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दाराशी आले.

ब्रेमेनमध्ये अशी रीत आहे की तिशी गाठूनही ज्याचे लग्न झालेले नाही, त्या पुरुषाने वाढदिवसाच्या दिवशी संत पेत्रीच्या कॅथीड्रलच्या पायऱ्या झाडायच्या. मित्रांनी पायऱ्यांवर बाटल्यांची पत्र्याची बुचे पसरायची, त्याने ती गोळा करायची, गोळा झाली की मित्रांनी ती पुन्हा पसरायची, आणि एखादी मुलगी येऊन चुंबन देईपर्यंत त्याची सुटका नाही. अविवाहित मुलींच्या वाट्याला दाराच्या मुठी घासून चकचकीत करण्याचे काम येते. ही रीत मला ऐकून माहीत होती, परंतु ती परदेशी नागरिकांनाही लागू आहे हे ठाऊक नव्हते. माझी एक पुणेकर सहकारी या कटाची सूत्रधार होती. नागपूरच्या टोळीशी तिने महिनाभर संधान बांधले होते, आणि नागपूर व पुणे यांचे इतके झटपट एकमत १९५३ च्या नागपूर करारातही झाले नसेल. दार उघडले तर ती, घरसोबती आणि कार्यालयातली मंडळी हातात उंच काळी टोपी, मागे शेपटे असलेला काळा कोट आणि खराटा घेऊन उभी होती. आयुष्यात प्रथमच मी खरोखर आश्चर्यचकित झालो. परंतु इतकी वर्षे खोटे आश्चर्य दाखवण्याचा सराव केल्यामुळे खरे आश्चर्य चेहऱ्यावर उमटलेच नाही. माझ्याकडे निरखून पाहत सहकारी हिरमुसली. “तुला कोणी आधीच सांगितलंय का?” तिने विचारले. त्यानंतर पायऱ्यांपर्यंतच्या वाटेवर मी तिची समजूत घालत होतो, म्हणजे कोट-टोपी घातलेला मी आणि पुढे खराटा.

शनिवारचा दिवस असल्यामुळे चौकात पर्यटकांची गर्दी होती. दोन उंच मनोऱ्यांच्या त्या शतकानुशतके जुन्या देवळापुढे एक गृहस्थ वाद्याची पेटी हाताने फिरवून सूर काढत होते, पायऱ्यांवर हजारो बुचे पसरलेली होती, आणि वर दोन्ही टोकांना दोन धट्टेकट्टे जर्मन धरून उभे असलेला माझा फ्लेक्स होता. तो मी कपाटावर दडवला होता. घरसोबत्याने शोधून काढला होता. मी झाडू लागलो. खराट्याने झाडताना बूच पुढे सरकत नाही, घरंगळत भलत्या पायरीवर जाते. माझ्या मागे नेमकी तितकीच बुचे परत टाकली जात होती, आणि या कामातली जर्मन शिस्त वाखाणण्याजोगी होती.

सहकारीने एवढ्यात नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजले होते, जेवणे आटोपून कूलरपुढे सारे घर बसले होते, आणि मावशी मुद्दाम थांबलेली होती. सहकारीने आईला रीत समजावून सांगितली. तिशीपर्यंत लग्न न केलेल्या माणसाला भरचौकात झाडायला लावतात, हे ऐकून आई गहिवरली. “म्हणजे तिकडची माणसं समंजस आहेत,” ती म्हणाली, आणि लगेच मला, “अरे, तिकडे कोपऱ्यात राहिलं नं. आणि वाकून झाड. घरी कधी खराट्याला हात लावला नाही, म्हणून असं करून राहिला.” बाबांचे लक्ष फ्लेक्सवर होते. “छपाई चांगली आहे,” ते म्हणाले, “स्क्वेअर फूट काय भावाने पडला, विचार त्या पोरांना.”

तासाभराने माझी पाठ बोलू लागली. मुली येत, हसत, फोटो काढत आणि निघून जात. अखेर हातात भाजीची पिशवी घेतलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक आजी पायऱ्या चढून आल्या, त्यांनी माझ्याकडून खराटा काढून घेतला, माझी टोपी सरळ केली आणि माझ्या गालाचा मुका घेतला. हे रीतीत बसते का, असा प्रश्न घरसोबत्याने उपस्थित केला; आजींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो तिथेच निकालात निघाला. टाळ्या झाल्या, पेटीवाल्याने सूर बदलला, आणि फोनमधून आईचा घाईचा आवाज आला. नेटवर्क अडखळत असल्यामुळे तिला फक्त चुंबन दिसले होते, माणूस दिसले नव्हते.

“कोण रे ती? काय करते? घरी कोण कोण असतं?”

“आई, त्या पंचाहत्तरीच्या आहेत.”

पलीकडे कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

“बरं,” आई म्हणाली, “नात आहे का तिला, विचार.”