‘समोर सरळ वाट असताना वळसा कशाला?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या गाइडसोबतच्या सायकल फेरीला तुम्ही दोन तारे दिलेत, पण कारणं मुद्देसूद लिहिलीत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं असं: हीथच्या, म्हणजे खुरट्या झुडपांच्या, मोकळ्या माळावर सरळ खाली उतरणारी वाट दिसत असूनही गाइडने नागमोडी ट्रेलवरून नेलं. माथ्याकडचा एक फाटा दोरी बांधून बंद होता. वाळूत सायकल रुतत होती, झाडीतली मुळं ‘साफ’ केलेली नव्हती, टायरमध्ये हवा कमी होती. सूर्यास्तानंतरची फेरी मागितली तर नकार मिळाला. आणि गाइड ‘ब्रेक सोडा’ म्हणून ओरडला. यावरून तुम्ही लिहिलंत, ‘यांना सायकल चालवू द्यायचीच नाही.’

आधी त्या सरळ वाटेबद्दल. ती आम्ही आखलेली नाही. घाईतल्या सायकलस्वारांनी पाडली आणि पावसाने खोल केली. हीथची जमीन निकस, आम्लधर्मी आणि बहुतेक ठिकाणी वाळूची असते. वर हेदरची खुरटी झुडपं आणि त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेला काळपट मातीचा थर, तोही दुधावरच्या सायीइतका नाजूक. चाक घसरलं की तो फाटतो आणि खालची वाळू उघडी पडते. उतारावर सरळ वाट असेल तर पाणी तिच्यातूनच धावतं आणि वाळू घेऊन जातं. पुढच्या हंगामात तिथे घळ झालेली असते. मग लोक घळीच्या कडेने जातात, कडेचा हेदर मरतो आणि एका वाटेच्या तीन होतात. हेदरची खोडं लाकडासारखी, ठिसूळ. तुडवली की मोडतात आणि पुन्हा उभी राहायला वर्षं घेतात.

म्हणून आमचा ट्रेल उताराला आडवा जातो. ट्रेल बांधणाऱ्यांमध्ये एक साधा नियम चालतो: डोंगराचा जितका उतार, त्याच्या निम्म्याहून ट्रेल तीव्र नको. डोंगर २० टक्के उतरत असेल तर ट्रेल १० टक्क्यांच्या आत. शिवाय मधूनमधून तो मुद्दाम थोडा वर चढवलेला असतो. तुम्ही ‘उगाच घातलेले उंचवटे’ म्हणालात ते हेच. तिथे पाणी ट्रेल सोडून बाजूला निघून जातं. सायकलच्या दृष्टीनेही तिथे काम असतं: उंचवट्यावर शरीर हलकं करायचं, पलीकडे उतरताना दाबायचं, की पेडल न मारता वेग मिळतो. तुमच्या मागचे दोघं नेमकं तेच करत होते, असं गाइड सांगतो.

तो ओरडला तेव्हा तुमचं मागचं चाक जाम होऊन फरपटत होतं. इतर ठिकाणी मी गाइडला आवाज खाली ठेवायला सांगितलं असतं. वाळूच्या वळणावर नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून चाक फिरू द्यायचं. फरपटणारं चाक वळत नाही, फक्त नांगरतं. त्या वळणाची कड आम्ही हातांनी रचलेली आहे, त्यामुळे या बाबतीत मी गाइडच्या बाजूने आहे.

आता दोरी बांधलेला फाटा. हीथवर काही पक्षी जमिनीवरच घरटं करतात, काही फूटभर उंचीच्या झुडपात. रातव्याचंच घ्या. युरोपातला रातवा हिवाळा आफ्रिकेत काढतो, वसंताच्या शेवटी परततो आणि घरटं न बांधता उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी घालतो. रंग असा की दोन पावलांवरूनही दिसणार नाही. अगदी जवळ कोणी आलं की मादी उडते, अंडी उघडी पडतात आणि कावळ्यांना तेवढं पुरतं. डार्टफर्ड वॉर्बलर नावाचा छोटा पक्षी हेदर आणि गॉर्सच्या काटेरी झुडपांच्या आधाराने राहतो. १९६२-६३च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहाएक जोड्या उरल्या होत्या. पुढे संख्या वाढली, पण असा पक्षी जगायला सलग, न तुडवलेलं हीथ लागतं. विणीच्या काळात एक फाटा बंद ठेवणं ही मला फार मोठी किंमत वाटत नाही. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये तर रस्ता सोडला की खुणा केलेल्या मार्गांवरच सायकलला परवानगी आहे, तीही वर्षभर.

संध्याकाळच्या फेरीचं उत्तरही यातच आलं. रातवा अंधार पडतानाच कीटक टिपायला निघतो, आणि अनेकदा उघड्या वाटेवर बसलेला असतो. उन्हाळ्यात आम्ही दिवे लावून हीथवर कोणालाच नेत नाही. झाडीतली रात्रफेरी हिवाळ्यात असते, तेव्हा जरूर या.

वाळूबद्दल मात्र तुमच्याशी थोडा सहमत आहे: तुम्ही आलात तेव्हा ती फारच सैल होती. कोरड्या आठवड्यांनंतर ती तशीच असणार. हीथ आणि जंगल यांना उलटं हवामान मानवतं, ही या मार्गाची गंमत आहे आणि डोकेदुखीही. पाऊस पडून गेला की वाळूतलं पाणी झटकन निचरतं आणि दाणे बसून पृष्ठभाग टणक होतो. त्याच पावसाने झाडीतली चिकणमाती मात्र कितीतरी दिवस ओली राहते आणि मुळं साबणासारखी होतात. दोन्ही एकाच दिवशी उत्तम मिळत नाहीत. सैल वाळूत वजन जरा मागे ठेवा, नजर लांब ठेवा, पेडल मारत राहा आणि पुढचा ब्रेक विसरा. हँडल घट्ट आवळून धरलं की सायकल हमखास आडवी होते.

टायरमधली हवा ‘कमी’ नव्हती, ती तशी ठेवलेली होती. आमच्या सायकलींना ट्यूबलेस रुंद टायर आहेत; मध्यम वजनाच्या माणसासाठी पुढे साधारण २२ आणि मागे २५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याला अंगठ्याने दाबून हे पंक्चरच वाटतं. पण इतक्या दाबाला टायर मुळावर उडत नाही, मुळाला बिलगतो. तुम्ही वाटेत पंपाने हवा भरून घेतलीत आणि त्यानंतरच वाळूत जास्त रुतू लागलात, हे तुमच्याच अभिप्रायात दिसतं.

मुळं आम्ही कापत नाही. झाड अन्नपाणी घेतं ती बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरातच असतात. एक जाड मूळ तोडलं की जखमेतून कूज शिरते आणि मुळाने धरलेली मातीही सुटते. जिथे मुळं फारच उघडी पडतात तिथे आम्ही खडी आणि माती टाकून ट्रेल वर उचलतो किंवा थोडा सरकवतो. बाकी मुळं ओलांडणं हा या मार्गाचाच भाग आहे: चाक मुळाला काटकोनात न्यायचं आणि मुळावर असताना ना ब्रेक, ना वळण. चिखलाच्या डबक्यातूनही सरळ जायचं, कडेने नाही, नाहीतर दर पावसात ट्रेल हातभर रुंद होतो.

लांब मोज्यांवर तुम्ही हसलात. हीथ आणि नेच्यांमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. फेरीनंतर गुडघ्यामागे, कमरेपाशी बघितलंत ना? नसेल तर आज बघा, आणि पुढच्या काही आठवड्यांत अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून दाखवा.

तुम्हाला सरळ, वेगवान उतारच हवा असेल तर तो आमच्याकडे नाही. लिफ्टने वर नेणारं बाइक पार्क गाठा, तिथे तो मजबूत बांधलेला असतो. आणि इथेच पुन्हा यायचं असेल तर पावसानंतरच्या दुसऱ्या दिवसाची बुकिंग घ्या. त्याच गाइडसोबत पाठवतो, फाटा उघडल्यावर तोही दाखवायला सांगतो. हवा मात्र तो सांगेल तेवढीच ठेवा.