खुलासा : ‘फॉलआउट ३’ या व्हिडिओ गेमवर सरकारने बंदी घातली नव्हती

‘दोन डोक्यांच्या गायीला ‘ब्राह्मिन’ म्हटलं म्हणून भारत सरकारने फॉलआउट ३वर बंदी घातली,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टनेच निवेदन काढलं होतं : भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेमुळे गेम इथे न आणण्याचा व्यावसायिक निर्णय घेतला आहे. त्यात सरकारी आदेशाचा उल्लेख नव्हता आणि गायीचाही नव्हता. अणुयुद्धानंतरच्या उजाड वॉशिंग्टनमध्ये व्यापाऱ्यांचं सामान वाहणारी ती गाय गेममध्ये आहे, हे खरं. पण कारण तेच होतं, हा लोकांचा अंदाज. मेगाटन गाव वाचवायचं की अणुबॉम्बने उडवायचं, हे खेळणाऱ्यावर सोडणारा इतका ताकदीचा गेम नव्या पोरांना न घातलेल्या बंदीमुळे माहीत व्हावा, याचं खरंच वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर आलाच, तर खाली हा खुलासा टाका.