मूर्खांच्या जहाजात जागा कशी धरावी

तुम्ही शहाणे आहात, मान्य. पण म्हणून त्या जहाजात तुम्हाला कोणी घेणार नाही, असं मनात आणू नका. 1494 साली आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सेबास्टियन ब्रांट नावाच्या कायदेपंडितानं ते पाण्यात सोडलं, तेव्हापासून जागा नाही म्हणून कोणी माघारी गेल्याचं ऐकिवात नाही. जहाज म्हणजे पद्यातलं पुस्तक, 112 प्रकरणं, आणि मूर्खांचे नमुने लाकडी ठशांच्या चित्रांत. त्यातली बरीच चित्रं तरुण ड्यूरर या जर्मन चित्रकारानं काढली असावीत, असं जाणकार सांगतात. जहाज निघालंय नारागोनियाला. जर्मनमध्ये 'नार' म्हणजे मूर्ख, तेव्हा गावाची चौकशी करायला नको. तिथे पोचणार कधी, हेही विचारू नका. असल्या शंका काढणारा माणूस जहाजात शोभत नाही.

सगळ्यात मानाची जागा पहिली. ती ब्रांटनं पुस्तकवाल्याला दिली आहे. गृहस्थांच्या डोळ्यांवर चष्मा, समोर ग्रंथांची चळत, हातात पिसांचा झाडू, आणि ते पुस्तकांवरच्या माश्या वारताहेत. वाचण्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही. तुम्हीही हेच करा. प्रदर्शनात पन्नास टक्के सवलत दिसली की पिशवी भरा, घरी येऊन कपाटापुढे फोटो काढा, आणि 'सध्या वाचतोय' असं खाली लिहा. मी स्वतः ही साधना बरीच वर्षं करतो आहे. वरच्या खणातल्या एका चरित्रग्रंथाचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, पण दर दिवाळीला तो पुसतो. पहिल्या जागेवर माझा रुमाल टाकलेला आहे, एवढं ध्यानात असू द्या.

ते जमत नसेल तर कावळे पाळा. ब्रांटच्या एका चित्रात मूर्खाभोवती कावळे आहेत आणि ते 'क्रास, क्रास' ओरडतात. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या. आपला कावळा ओरडला तर निदान पाहुणा येतो. त्यांचा ओरडला की सुधारणा पुढे ढकलली जाते. व्यायाम, वजन, मृत्युपत्र, सगळ्यावर हा एकच कावळा पुरतो.

गळा बरा असेल तर मग हिएरोनिमस बॉश या जुन्या चित्रकारानं रंगवलेल्या नावेत चढा. हे चित्र पॅरिसला लूव्हर संग्रहालयात आहे, उंची जेमतेम 58 सेंटिमीटर, पण माणसं मुंबई लोकलसारखी बसवली आहेत. मधोमध एक संन्यासी आणि एक जोगीण तोंडं वासून बसली आहेत. जोगिणीच्या हातात ल्यूट नावाचं तंतुवाद्य, दोघांच्या मध्ये दोरीला टांगलेली पोळी. ती सूर लावताहेत की पोळीचा लचका तोडायला बघताहेत, हे पाचशे वर्षांत नक्की ठरलेलं नाही. तुम्ही तोच पवित्रा घ्या. तोंड उघडं ठेवा. मैफल रंगली तर गवई, पोळी हाती लागली तर यजमान. डोलकाठीच्या जागी झाड आहे, त्याला भाजलेलं पाखरू बांधलंय, एकजण सुरी घेऊन वर पोचलाय. एक जण कडेला वाकून ओकतोय. वल्ह्याच्या जागी वाढपाचा लांबलचक डाव. दिशा कोण बघतंय, असं विचाराल, तर उत्तर वर पानांत बसलेल्या घुबडाला विचारा.

सुकाणूच हवं असेल तर प्लेटोकडे जा. त्याच्या 'रिपब्लिक'मध्ये जहाजाचा मालक अंगानं दांडगा, पण कानानं जड आणि नजरेनं अधू आहे. खलाशी त्याच्याभोवती घोळका करून सुकाणू मागतात. शिकलेला त्यांत एकही नाही, आणि नौकानयन शिकवता येतं असं म्हणणाऱ्याचे तुकडे करायला सगळे तयार. मालकाला दारू पाजून झोपवायचं, कोठारावर हात मारायचा, ज्यानं हे जमवून आणलं त्यालाच पट्टीचा तांडेल म्हणायचं. ऋतू, वारा, तारे यांचा हिशेब ठेवणाऱ्या खऱ्या तांडेलाला ते बडबड्या, नुसता आभाळाकडे बघणारा म्हणतात. तेव्हा आभाळाकडे चुकूनही बघू नका. मान खाली, नजर कोठाराच्या कुलपावर.

एक मात्र सांभाळा. बॉशच्या नावेत घुंगरांचा विदूषकी वेष चढवलेला एकच जण आहे. तो सगळ्यांकडे पाठ करून एका फांदीवर बसलाय आणि आपल्या वाटीतलं निवांत पितोय. त्याला 'जरा सरका' म्हणू नका. तो एकटाच पगारी आहे, बाकी सगळे हौशी.