'दगडाच्या काळजाला डिप्रेशन येत नाही' हे खरं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शाळेच्या, भावकीच्या, सोसायटीच्या आणि बारावीच्या मैत्रिणींच्या. मागे उगवता सूर्य आणि त्यावर हा मजकूर:

"डिप्रेशन हा आजार नाही, चांगल्या मनाची खूण आहे. दगडाच्या काळजाच्या माणसाला ते कधीच येत नाही. ज्याला जास्त जाणवतं, जो दुसऱ्यांसाठी जास्त जगतो, त्यालाच येतं. अशा माणसाला गोळ्या नकोत, फक्त प्रेम हवं."

खाली सगळीकडे बदाम आणि 'अगदी खरं'. पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. आपल्याकडे या दुखण्याला आजवर काय काय नावं मिळाली ते मी पाहिलंय. बाहेरचं लागलं, कामाचा कंटाळा आला, डोक्यावर परिणाम झाला. त्यापुढे 'तुझं मन फार चांगलं आहे म्हणून होतंय' हे कुणालाही गोडच वाटणार. पण याच गोड समजुतीने माझ्या भावाचे तीन महिने खाल्ले. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी 'आजार नाही' हे. डॉक्टर निदान करतात ते मन चांगलं की वाईट हे पाहून करत नाहीत. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न आहे का, किंवा कशातच रस उरलेला नाही असं आहे का, हे विचारतात. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, कामात लक्ष न लागणं, स्वतःला दोष देत राहणं, बोलणं-चालणं मंदावणं, मरणाचे विचार, यातलं किती आहे ते बघतात. पुष्कळदा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतात, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. यात स्वभावाचे मार्क कुठेच नाहीत.

आता दगडाचं काळीज. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात. घरची कोरडवाहू, कापूस हे मुख्य पीक. थोरला भाऊ सगळं बघतो. गावात त्याची ओळख 'कडक' अशी. वेचणीच्या बायांनी किडका, कवडी कापूस चांगल्यात टाकला तर ओळीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा. सालदार त्याच्यासमोर बिडी पेटवत नसे. व्यापाऱ्याशी दराची घासाघीस करताना तर त्याच्या जवळ उभं राहू नये. कुणीही त्याला हळवा म्हटलं नसतं, आम्ही घरच्यांनीही नाही.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर तो गप्प झाला. पहिली वेचणी उरकली होती, दुसरी तोंडावर होती. बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि भाऊ सकाळचा ओट्यावर बसायचा तो उन्हं अंगावर येईपर्यंत तिथेच. एका पायात चप्पल, दुसरी समोर पडलेली. ती पायात सरकवायलाही त्याला अर्धा तास लागायचा. त्यात अवकाळी झाली, कापूस पिवळा पडला, तरी तो ओरडला नाही. आणि आम्ही काय म्हणालो? 'बरं झालं, वय झालं तसा जरा नरमला.' गावातले म्हणाले, 'भाऊ आता शांत झाले.' त्याला हे दुखणं होऊ शकतं असं आमच्या मनातही आलं नाही, कारण हे दुखणं हळव्या, रडक्या, कवी मनाच्या माणसांचं असतं अशी आमची पक्की समजूत. पुरुषांत तर ते पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. चिडचिड, दारू, अबोला, अंग दुखणं यातून दिसतं. दगडाच्या काळजाला हे होत नाही असं एकदा ठरवलं की असा प्रत्येक माणूस नजरेतून सुटतो. भाऊ असाच सुटला, तो थेट जानेवारीपर्यंत.

आकडे बघायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोकांना हा आजार होता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात साधारण दर २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी तो झालेला आढळला. आपल्या गावच्या बाजाराच्या दिवशी रांगेतली वीस माणसं मोजा. त्यात सावकार असेल, कंडक्टर असेल, भांडखोर शेजारी असेल. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या साधारण दीडपट दिसतो. तो चांगुलपणाने येत असता तर बायका दीडपट चांगल्या असं म्हणावं लागेल. खरी कारणं वेगळीच आहेत: बाळंतपणानंतरचे बदल, घरातली मारहाण, डोक्यावरचं ओझं, पैशाची परावलंबी अवस्था. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने ३७ टक्के धरला जातो. बाकी लहानपणचे आघात, कर्ज, मृत्यू, एकटेपण, दीर्घ दुखणी, व्यसन. दयाळूपणा हे कारण या यादीत नाही.

'ज्याला जास्त जाणवतं त्यालाच येतं.' या वाक्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून ते इतकं पटतं. ते वेगळं काढायला हवं.

आपण 'संवेदनशील' हा एकच शब्द दोन-तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. आमच्या शाळेच्या मैदानावर एक मुलगा झोपाळ्यावरून पडला, भुवईवर खोक पडली, शर्टभर रक्त. एका बाईंनी पळत जाऊन पदरानेच जखम दाबून धरली, त्याला 'माझ्याकडे बघ' म्हणत बोलतं ठेवलं. दुसऱ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या, त्यांना खुर्ची द्यावी लागली, रात्रभर झोप आली नाही. दोघीही संवेदनशील. पण पहिलीचं लक्ष त्या मुलाकडे होतं आणि दुसरीचं, तिच्या इच्छेविरुद्ध, स्वतःच्या घाबरण्याकडे गेलं. यात दुसरीचा दोष काहीच नाही, पण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मार्क डेव्हिस या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात सहानुभूती मोजायची जी प्रश्नावली मांडली तिच्यातही त्या वेगळ्या धरल्या आहेत: दुसऱ्याविषयी कळकळ एकीकडे आणि दुसऱ्याचं दुःख पाहून स्वतःची होणारी तगमग दुसरीकडे. डिप्रेशनशी नातं दिसतं ते मुख्यतः या तगमगीचं. कळकळीचं तसं ठाम नातं दिसत नाही. मन पटकन काळजीत जाणं, झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळणं, या स्वभावाचा धोक्याशी संबंध आहे, हे मी मान्य करते. पण असा काळजीखोर स्वभाव दयाळू माणसाचा असतो तसा पक्क्या स्वार्थी माणसाचाही असतो.

शिवाय आजार एकदा बसला की पुष्कळांना जास्त नाही, कमी जाणवायला लागतं. त्याच हिवाळ्यात आमची गाय रात्री अडली. एरवी भाऊ अशा वेळी खळ्यात गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात घालून वासरू सोडवणारा. माणसांवर ओरडेल पण जनावराला कधी काठी लावली नाही. वहिनीने हलवून उठवलं, कंदील डोळ्यांसमोर धरला. त्याने एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सालदाराने आणि वहिनीने ओढून काढलं, पण वासरू वाचलं नाही. वहिनी तेव्हा म्हणाली, "याचं काळीज दगड झालं." बरा झाल्यावर मी त्याला त्या रात्रीचं विचारलं. बराच वेळ चुळबुळला आणि आमच्या बोलीत म्हणाला, "मनमा काहीच नही व्हतं बाई. दुख बी नही."

त्या रात्री मेसेजच्या हिशोबाने माझा भाऊ अगदी निरोगी होता.

'दुसऱ्यांसाठी जगतो त्याला येतं' याचं उत्तर वहिनीकडे बघून देते. आमची आई अर्धांगवायूने चार वर्षं अंथरुणाला होती. वहिनी रात्री दोनदा उठून तिची कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. पहाटे चारला पाणी, मग म्हशी, मग भाकरी. घरातल्या दुखणेकऱ्याचं करणाऱ्या माणसांत नैराश्याचं प्रमाण जास्त दिसतं हे खरंच आहे. पण ते आणतं काय? सलग झोप नाही, सुटी नाही, हाताखाली माणूस नाही, पैसा नाही. हा भार आहे, आणि भार वाटून घेता येतो. आम्ही नणंदा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन वहिनीला म्हणायचो, "तुमचं मन फार मोठं." चार वर्षांत एकीनेही आठवडाभर राहून 'तुम्ही झोपा, आज रात्री मी उठते' म्हटलं नाही. मीही नाही. एखादीच्या थकव्याला थोर मनाचं नाव दिलं की आपल्याला काही करावं लागत नाही. हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

या मेसेजखाली आमच्या ग्रुपवर एकाने साने गुरुजींचं नाव घातलं. अमळनेर आमच्यापासून जवळ, त्यामुळे गुरुजी आमच्याकडे घरचे. प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांचं आईसारखं केलं, १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या मनात शेवटी काय होतं, कुठला आजार होता की नव्हता, याचं निदान सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मोबाइलवर करायचा अधिकार आपल्याला नाही. पण उदाहरण म्हणूनही ते चुकतं. गुरुजींची पत्रं, भाषणं, आठवणी राहिल्या म्हणून त्यांचं दुःख आपल्याला माहीत आहे. त्याच तालुक्यातल्या, तेच सोसणाऱ्या गवंड्याची, हमालाची, सुनेची पत्रं कुणी जपली? ज्यांचं लिहून राहिलं ती माणसं पाहून 'हे हळव्यांनाच होतं' म्हणायचं, हा हिशोबच अर्धा आहे. आणि गुरुजींचा चांगुलपणा त्यांच्या शेवटावरून सिद्ध करायची गरज मला तरी वाटत नाही. तो त्यांनी जगून दाखवला होता.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक: 'गोळ्या नकोत, फक्त प्रेम हवं.' निम्हान्सच्या त्याच सर्वेक्षणात डिप्रेशनच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. जे दाराशी पोचतात त्यांनाही हा मेसेज मागे खेचतो. माझी भाची जळगावला शिकते. तिला गोळ्या सुरू झाल्या आणि बाराव्या दिवशी तिने बंद केल्या. मला म्हणाली, "मावशी, या घेऊन मी कोरडी तर नाही ना होणार? मग मी मीच राहणार नाही." एकवीस वर्षांच्या पोरीला वाटत होतं की तिचा आजार हाच तिचा चांगुलपणा आहे.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. सौम्य आजारात पुष्कळदा समुपदेशनाने, ठरावीक पद्धतीच्या बोलण्याच्या उपचाराने भागतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधं आणि ते उपचार दोन्ही. या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे बाराव्या दिवशी सोडणं म्हणजे पेरून आठवड्याने रान नांगरण्यासारखं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. काहींना मळमळ होते, काहींना भावना बोथट झाल्यासारखं वाटतं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा किंवा औषध बदलतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

प्रेम हवंच. पण प्रेम म्हणजे काय केलं ते सांगते. वहिनीने भावाला एसटीत बसवून तालुक्याबाहेरच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण गावाजवळ त्याला कुणी पाहिलेलं नको होतं. गोळ्यांचा डबा देवघरात ठेवला, दिवा लावताना आठवण राहावी म्हणून. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या उचलून भावकीत दुसरीकडे ठेवल्या. आणि डॉक्टरांनी सांगितलं तसं त्याला सरळ विचारलं, "मरणाचं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. पुष्कळदा विचारल्यानेच माणूस बोलतो. भाऊ त्या रात्री बोलला.

मार्च उजाडता तो शेतात जायला लागला. आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा निंबाला झोका बांधत होता. शेजारच्या पोरांनी फांदी वाकवली तर असा ओरडला की दोघं भिंतीवरून पळाले. वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "ऐका, आला परत." झोका बांधून झाल्यावर त्याने दोर दोनदा ओढून पाहिला, मग खळ्यात गेला आणि गाभण गाईच्या पोटावर बराच वेळ हात ठेवून उभा राहिला.