मामा, सिमेंटात गूळ घालू नको

परवा सकाळी साडेसहाला मामाचा फोन. "गो बाय, तुका धाडलंय ता वाचलंस काय? आपले पूर्वज काय येडे नाय होते. दीपमाळेच्या कामात सिमेटात गूळ घालूचो ठरलो."

मामा देवगडकडच्या आमच्या गावात देवस्थान समितीवर आहे. देवळापुढची दीपमाळ जांभ्याची, सांधे चुन्याचे. गेल्या चार-पाच पावसाळ्यांत खालच्या दोन थरांचा चुना धुऊन गेलाय. ते काम दिवाळीनंतर, जत्रेच्या आधी उरकायचं घाटतंय. इथवर सगळं बरोबर. पण काम कुठल्या मालाने करायचं हे गवंड्याने नाही, एका फॉरवर्डने ठरवलं.

तो तुमच्याकडेही पोचला असेल. मला तीन ग्रुपांवर आला, त्यातल्या एकावर दोनदा. 'सिंधुदुर्गाच्या चुन्याचं रहस्य, विज्ञानही थक्क!' आत पाच गोष्टी आहेत. चुन्यात काय घातलं होतं ते आजवर एकाही शास्त्रज्ञाला सापडलेलं नाही. त्यात वितळलेलं शिसं मिसळलं होतं. परदेशात कार्बन डेटिंग केलं तेव्हा तट २२०० वर्षांपूर्वीचा निघाला. पद्मदुर्गावर दगड झिजले पण चुना शाबूत आहे. आणि शेवटी हात जोडलेल्या दोन इमोजींसह: आपणही सिमेंटमध्ये गूळ आणि अंडी घालावीत, पाचशे वर्षं बघायला नको.

पहिल्या चारांवर मी नेहमीसारखा अंगठा पुढे केला असता आणि चहा प्यायले असते. पाचव्या गोष्टीने आमची दीपमाळ जाईल, म्हणून हा खटाटोप.

'शास्त्रज्ञांना सापडलेलं नाही' यावर फार वेळ घालवत नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ आणि औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये छापलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या गिलाव्यातली काडी कुठल्या झाडाची ते सांगता येतं, तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चुन्यापुढे विज्ञान हात टेकेल? नमुना तापवत नेला की कुठल्या तापमानाला किती वजन घटतं यावरून आत काय आहे ते कळतं. क्ष-किरणांनी स्फटिक ओळखता येतात, पातळ काप काढून वाळूचा कण न् कण बघता येतो. गूळ-बेलफळासारख्या गोष्टी इतक्या वर्षांनी कुजून नाहीशा होतात, त्यांचा माग काढणं अवघड असतं, एवढं खरं. पण अवघड म्हणजे रहस्य नव्हे.

शिशाचं तर त्याहून सोपं. सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांत शिसं ओतलं, अशी परंपरा आहे. दगडांत ओतलं म्हणजे चुन्यात कालवलं नव्हे. शिसं वितळतं ३२७ अंशांवर आणि चुना मळतात पाण्यात. तापलेलं शिसं ओल्या चुन्यात ओतून बघा म्हणावं, आधी लांब उभं राहून.

आता ते २२०० वर्षांचं. हे वाचून माझी खरी चिडचिड झाली, कारण यात पूर्वजांचं कौतुक करता करता महाराजांचा किल्लाच त्यांच्याकडून काढून घेतलाय. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ला सुरू झालं, हे मालवणातलं शाळकरी पोरही सांगेल. मग चुना दोन हजार वर्षं जुना कसा निघेल?

चुन्याचं कार्बन डेटिंग होतं, हे आधी मान्य करते. कल्पना सुंदर आहे. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कर्ब वायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी मारलं की तो विरतो. मग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळून भिंतीत भरला की तो हळूहळू हवेतला कर्ब वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे भिंत बांधली त्या काळची हवा चुन्यात कोंडली जाते. त्या हवेतला किरणोत्सारी कार्बन ठरल्या गतीने घटत जातो, तो किती उरलाय त्यावरून बांधकामाचं वय काढायचं. लाबेरी आणि देलिब्रियास या फ्रेंच संशोधकांनी १९६४ साली 'नेचर'मध्ये ही पद्धत मांडली.

गोम पुढे आहे. भट्टीत सगळा दगड कधीच पुरता भाजत नाही. कच्ची राहिलेली खडी चुन्यात तशीच जाते. चुनखडी लाखो-कोटी वर्षांची, तिच्यात किरणोत्सारी कार्बन शिल्लकच नसतो. नमुन्यातला दहावा हिस्सा कार्बन असा मेलेला असला, तर वय जवळजवळ साडेआठशे वर्षांनी जास्त दिसतं. पाचवा हिस्सा असला तर अठराशेने. म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या तटाचे २२०० करायला कुणा प्राचीन राजाची गरज नाही, भट्टीवाल्याचा थोडा आळस पुरतो.

कोकणात तर आणखी घोळ. आपल्याकडे चुना शिंपल्यांचा आणि किनाऱ्यावरच्या वाळूतही शिंपल्यांचा चुरा. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच सरासरी चारशे वर्षं जुना दिसतो, त्यामुळे शिवकाळात मेलेल्या शिंपल्याचं कवचही प्रयोगशाळेत चारशे वर्षं आधीचं ठरू शकतं. खाडीतल्या गाळाच्या जुन्या थरांतले शिंपले उपसले असतील तर मग बोलायलाच नको.

या वाळूने मलाही एकदा तोंडावर पाडलंय. एमएस्सीला असताना याच दीपमाळेखाली पडलेला चुन्याचा गोळा मी आम्लात टाकला होता. पुस्तकात लिहिलेलं: चुना विरघळतो, वाळू तळाशी उरते, वजन करा, प्रमाण मिळेल. माझ्या चंचुपात्रात तळाशी चिमूटभर काळी रेघ उरली. मी मोठ्या दिमाखात लिहिलं, 'पूर्वजांनी जवळजवळ शुद्ध चुना वापरला'. सरांनी वही बघितली आणि विचारलं, "वाळू किनाऱ्यावरची ना? मग शिंपल्याची वाळू आम्लात काय करील?" चुना आणि वाळू दोन्ही एकाच पदार्थाचे, दोन्ही फसफसून गेले होते. फॉरवर्ड लिहिणाऱ्यावर मी चिडते खरी, पण त्याच्या जागी मीही उभी राहून आलेय.

हे घोळ या विषयातल्या लोकांना ठाऊक नाहीत असं समजू नका. आम्लात चुना जरा लवकर विरघळतो आणि कच्चा दगड उशिरा, म्हणून वायू टप्प्याटप्प्याने गोळा करून पहिला हप्ता वेगळा मोजतात. तरीही, वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी तेच नमुने वाटून घेऊन आपापल्या परीने मोजले आणि निकाल २०१७ साली 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात छापले, तेव्हा काही नमुन्यांवर सगळ्यांचं जुळलं, काहींवर जुळलं नाही. ज्यांचा हा धंदा आहे तेच एवढं सांभाळून बोलतात, आणि आपला फॉरवर्ड एका ओळीत २२०० लिहून मोकळा.

शिवाय मराठ्यांच्या किल्ल्यांबाबत नमुना अगदी स्वच्छ मिळाला तरी फार हाती लागत नाही. साधारण १६५० ते १९५० या काळात हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण असं वरखाली झालंय की १६७०चा चुना आणि १८००चा चुना यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिथे कागद चुन्यापेक्षा बरा. पद्मदुर्गाला रसद पोचवण्यात कुचराई केली म्हणून महाराजांनी जिवाजी विनायक सुभेदाराची पत्रातून जी हजेरी घेतली, ती कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा स्पष्ट आहे.

पद्मदुर्गावरून चौथी गोष्ट. ही खरी आहे. मुरूडहून होडीने गेलात तर डोळ्यांनी दिसते: दगड खोबणीसारखे आत गेलेत आणि मधला चुना जाळीच्या काड्यांसारखा बाहेर उभा आहे. चुना उत्तम होता, मळणारे हात त्याहून उत्तम. यावर माझा वाद नाही.

पण मामा, त्याच फोटोत दगड गेलाय हेही बघ ना. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकतं, मिठाचे खडे होतात आणि दगड आतून भुगा होत जातो. तट दगडांचा असतो, सांध्यांचा नव्हे. सांधा गेला तर पुन्हा भरता येतो. जुन्या बांधकामाची डागडुजी करणारे म्हणूनच सांध्याचा माल मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवतात, म्हणजे झीज त्याने सोसावी. फॉरवर्ड ज्याला चमत्कार म्हणतो, तो बघून मला दगडाची काळजी वाटते.

आणि सिमेंट भरलंत तर तुम्ही तेच मुद्दाम घडवून आणणार. जांभा म्हणजे भोकांचा दगड, आपल्या पावसात पाणी पिऊन टच्च होतो. चुन्याच्या सांध्यातून ते पाणी बाहेर पडतं. सिमेंट घट्ट, त्यातून पडत नाही. मग ते जांभ्याच्या तोंडातूनच सुकतं, मीठही तिथेच साचतं, आणि थोड्या वर्षांत सांधे चौकटीसारखे पुढे अन् मधला जांभा पावडर. सिमेंटात स्वतःचे क्षारही असतात, ते वेगळेच. शेजारच्या गावातल्या विहिरीचा कठडा तू बघितलायस. तो असाच गेला.

राहिला गूळ. आपल्या पूर्वजांनी गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद चुन्यात घातले आणि विचार करून घातले. साखरेमुळे पाण्यात चुना जास्त विरघळतो, माल लोण्यासारखा होतो. पण त्यांनी ते चुन्यात घातलं. सिमेंटचं पेटंट १८२४चं, इंग्लंडातलं. सिंधुदुर्गाच्या गवंड्याने ते स्वप्नातही बघितलं नव्हतं. चुना हवेने घट्ट होतो, सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन. ती क्रिया साखर अडवते. हजारात एक भाग साखरही सिमेंट घट्ट व्हायला कित्येक तास लांबवते. काँक्रीटचा ट्रक घाटात अडकला तर ड्रमातला माल थिजू नये म्हणून साखरेचं पोतं ओततात, ते याचसाठी. तुम्ही पाचशे वर्षांची म्हणून जी गोष्ट घालणार आहात, ती ट्रकवाले सिमेंट जमू नये म्हणून घालतात!

अंड्यांबद्दल बोलत नाही. देवळापुढच्या दीपमाळेत अंडी घालायचा ठराव समितीत कसा पास झाला, ते मामाच सांगेल.

तर मामा, पावसात कुणी हात लावू नका. पायथ्याशी जुन्या चुन्याचे गोळे पडतील ते डब्यात जमव, वाळू किती जाड आणि कुठली ते त्यातच दिसेल. चुन्याच्या दरजा भरलेला कुणी म्हातारा गवंडी अजून हिंडता-फिरता असेल तर त्याला शोध. नवा माल चुन्याचाच, सिमेंटची चिमूटही नको. भरल्यावर काही आठवडे ओलं गोणपाट पांघरून ठेवावं लागेल, भरभर सुकला तर चुना भुसभुशीत होतो. जत्रेपर्यंत वरून पांढरा दिसेल, आतून पुरता घट्ट व्हायला पुढची काही वर्षं घेईल.

गुळाची ढेप आणली असशील तर राहू दे, मोदकांना लागेलच. मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचते. तो डबा तेवढा मामीच्या फडताळात ठेव, पोरांच्या हाती लागू देऊ नको.