बहादूर ठेवण्याचं शास्त्र

नागपूरचं बेसा असो की मनीषनगर, सोसायटीचे सेक्रेटरी झालात की पहिलं काम म्हणजे बहादूर, म्हणजे नेपाळी चौकीदार, ठेवणं. त्याचं खरं नाव विचारू नका. नावामागून गाव निघतं, अछाम नाहीतर बझाङ, मग घरी खाणारी तोंडं किती ते निघतं आणि बोलणं पगारावर येतं. कायले डोक्याले ताप?

हिशेब सोपा आहे. ४० फ्लॅट, दर फ्लॅटमागे ३०० रुपये, झाले १२,०००. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या तर माणसं तीन लागतात. तुम्ही एकच ठेवा आणि त्याला जिन्याखालची खोली द्या. खोली दिली की ड्युटी आपोआप चोवीस तासांची होते. पहाटे पाचला मोटर, मग गाड्या पुसणं, मे महिन्यात घरोघरच्या कूलरमध्ये पाणी. बायको आली तर जिने तिच्याकडे. तिची मजुरी खोलीच्या भाड्यात वळती.

माणूस एजन्सीचा असेल आणि कोणी पीएफचं काढलं, तर 'तो परदेशी आहे' म्हणून मोकळे व्हा. १९५० च्या मैत्री करारामुळे पीएफच्या नियमांत नेपाळी कामगार भारतीयच धरतात, असं एखाद्या वकिलानं सांगितलंच तर पुढल्या वर्षी त्यालाच सेक्रेटरी करा.

वार्षिक सभेत 'देशाचा पैसा बाहेर चालला' यावर मात्र दहा मिनिटं बोलाच. बहादूरनं १०,००० घरी धाडले की तिकडे १६,००० नेपाळी रुपये होतात; १९९३ पासून दर १.६० ला बांधलेला आहे. त्यातून तांदूळ येतो, औषध येतं, बसचं भाडं जातं. नेपाळची बहुतेक आयात आपल्याकडूनच. बसमधलं डिझेलसुद्धा इंडियन ऑइलचं, २०१९ पासून मोतिहारी-अमलेखगंज पाइपलाइननं जातं. म्हणजे पैसा चक्कर मारून बराचसा इकडेच येतो. बिहारचे गवंडी नि न्हावी काठमांडूत कमावून घरी पैसे धाडतात, ते वेगळंच. बहादूरला लहानाचा मोठा केला नेपाळनं, म्हातारपणी सांभाळणारही नेपाळच. मधली कामाची पंचवीस वर्षं तेवढी आपली. सभेत यातलं काही बोलू नका, चहा थंड होतो.

खातं नसलं तरी बँकेच्या शाखेत रोख भरून नेपाळला एका वेळी ५०,००० पर्यंत, वर्षातून १२ वेळा धाडता येतात. रिझर्व्ह बँकेची ही सोय २००८ पासूनची आहे. त्याला सांगू नका. तो नोटा बनियनच्या आत शिवून दिल्ली गाठतो आणि नेपाळ सीमेवरच्या बनबसाच्या बसमध्ये रात्रभर जागा बसतो. २०१६ च्या नोटबंदीत गावी पेटीत ठेवलेल्या ५००-१००० च्या नोटांचा कागद झाला, तेव्हा 'खातं का नाही उघडलं' हे विचारायला आपण होतोच.

दसैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, तो महिनाभर गावी जातो. पगार कापा. जागेवर चुलतभावाला बसवून गेला तर त्याला अर्धाच द्या. बदलीच्या माणसाला भाव कळत नाही. फक्त त्याची गाडी सुटण्याआधी वरच्या टाकीचा वॉल्व्ह कोणता आणि कोणत्या बाजूला फिरवायचा, तेवढं विचारून घ्या. ४० फ्लॅटांत ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतं.